रविवारपुरतं शिष्य होता येत नाही

 

बचत गटाच्या कामानिमित्त आम्ही पेण आणि रोहा तालुक्यांत गावोगाव फिरतो. कर्ज, परतफेड, पापडाची ऑर्डर, बँकेचे कागद असं सगळं बोलून झालं, की चहाच्या वेळी एखादी ताई हळूच विचारते, "तुम्ही ख्रिस्ती ना? मग हळदीकुंकवाला येता कशा? कपाळाला टिकली लावता का? देवळात जाता का? तुमच्यात नक्की काय चालतं?" विचारण्यात वाकडेपणा नसतो, कुतूहल असतं. शेजारी राहूनही एकमेकींच्या घरात काय मानतात, हे आपल्याला फारसं ठाऊक नसतं. नाताळाची चांदणी आणि केक दिसतो. बाकी तीनशे चौसष्ट दिवसांचं काय? आजचं बोलणं त्याबद्दल आहे. ते शेजारणींसाठी आहे, तसंच आमच्या आमच्यातही आहे, कारण काळ बदलतोय आणि आमच्याही घरात प्रश्न उभे राहिलेत.

सुरुवात एका शब्दापासून करू. शुभवर्तमानात येशूबरोबर चालणाऱ्या माणसांना "शिष्य" म्हटलं आहे. हा शब्द आपल्या मातीला नवा नाही. वारकऱ्यांच्या घरात तो आहे, गाणं शिकणाऱ्याच्या घरात आहे, पेणच्या मूर्तिकाराच्या कारखान्यातही आहे. शिष्य म्हणजे शिकणारा. गुरूच्या हाताखाली राहून, त्याचं बघून, चुकत-सुधारत शिकणारा. नुसतं नाव लावलं, दाखल्यावर धर्म लिहिला, म्हणून कुणी शिष्य होत नाही. बचत गटाचंही तसंच आहे. पासबुकावर नाव आहे म्हणून बाई सभासद झाली, असं आपण मानतो का? बैठकीला येते का, बचत भरते का, दुसरीच्या अडचणीला उभी राहते का, हे पाहतो.

दुसरा शब्द "मंडळी". चर्च म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर घंटा आणि क्रूस असलेली इमारत येते. मराठी ख्रिस्ती माणूस चर्चला मंडळी म्हणतो, आणि मंडळी म्हणजे माणसं. पेण-रोह्यात आम्ही आहोतच मुळात थोडे. कुणाचं मूळ नगर-जालन्याकडचं, कुणाचं कोर्लई-रेवदंड्याचं, कुणी केरळातून कारखान्यात नोकरीला आलेलं. कुणी मिस्सेला जातं, कुणी उपासनेला. कुणी फादर म्हणतं, कुणी पाळकसाहेब. कुणाच्या ओसरीवर सतरंजी टाकून प्रार्थना होते, कुणी लोकल नाहीतर एसटी पकडून पनवेल-अलिबागकडे जातं. मोठ्या शहरात हजार माणसांच्या गर्दीत लपता येतं. इथे वीस माणसांत एक आली नाही तरी सगळ्यांना कळतं. थोडं असण्याची ही अडचण आहे, आणि हीच ताकदही आहे.

आता बदल काय झाला ते पाहू. पहिला बदल रविवारचा. आपल्याकडे धाटावची एमआयडीसी आहे, नागोठण्याचे कारखाने आहेत. तिथल्या पाळीला रविवार आणि सोमवार सारखेच. नवरा रात्रपाळी करून सकाळी आला की झोपतो, मुलाचा क्लास रविवारीच असतो, आणि मॉल-दुकानात काम करणाऱ्या मुलीला सुट्टी मंगळवारी. "रविवार पाळा" असं सांगणं सोपं आहे. पण ज्या घराची चूल पाळीवर चालते, त्या घराला काय सांगायचं? येशूवरही शब्बाथ मोडल्याचा आरोप झाला होता. त्यानं उत्तर दिलं त्याचा अर्थ असा, की विसाव्याचा दिवस माणसासाठी आहे, माणूस त्या दिवसासाठी नाही. म्हणून आमच्यातल्या काही घरांनी शनिवारी संध्याकाळी प्रार्थना सुरू केली. दिवस बदलला तरी एकत्र बसणं सोडलं नाही.

दुसऱ्या बाजूनंही एक गोष्ट सांगायला हवी. अनेक गावांत गटाची बैठक रविवारी सकाळी ठरते, कारण तेव्हा बाकीच्या मोकळ्या असतात. आमच्या बायकांनी वेळ बदलून मागितली, तर गटांनी ती दिली. बदल्यात गणपतीत आणि शिमग्यात, जेव्हा बाकीच्या सगळ्या घरकामात बुडालेल्या असतात, तेव्हा दप्तर लिहायचं आणि बँकेत जायचं काम आमच्या ख्रिस्ती बायका करतात. कुणी कुणावर उपकार केले नाहीत. शेजारधर्म म्हणतात तो हाच.

दुसरा बदल मोबाइलचा. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली आणि सगळी प्रार्थनास्थळं बंद झाली. त्या वर्षी ईस्टर घरात गेला. राज्यात प्रार्थनास्थळं पुन्हा उघडली ती १६ नोव्हेंबर २०२० ला, दिवाळीच्या पाडव्याला. मधले आठ महिने मोबाइलवर उपासना झाली. अंथरुणाला खिळलेल्या आजीला कित्येक वर्षांनी गाणी ऐकायला मिळाली, गावात एकट्या पडलेल्या सुनेला माहेरच्या मंडळीत बसता आलं. हे चांगलं झालं. पण सवयही लागली. भाकरी थापता थापता प्रवचन ऐकलं, कंटाळा आला की पुढे ढकललं. प्रवचन पुढे ढकलता येतं, शेजारी बसलेली रडणारी बाई पुढे ढकलता येत नाही. मंडळीत जाण्याचं खरं कारण तिथे आहे. तिथे आपल्याला न आवडणारी माणसंही असतात, आणि त्यांच्याशीच प्रेमानं वागायला शिकायचं असतं.

मोबाइलमधून आणखी एक पाहुणा घरात आला आहे. पडद्यावर कुणीतरी मोठ्या आवाजात सांगतो, अमुक रक्कम पाठवा, देव दहापट देईल, आजार पळेल, कर्ज फिटेल. खाली पैसे पाठवायचा चौकोन असतो. आम्ही कुणाचं नाव घेणार नाही. पण गटात शिकलेला नियम इथेही लावा. ज्याचा हिशेब दाखवला जात नाही, त्याला पैसा द्यायचा नाही. आपण पन्नास रुपयांची पावती मागतो, मग देवाच्या नावानं मागणाऱ्यालाच हिशेब का विचारू नये? आणि प्रार्थना जरूर करा, पण टीबीची, साखरेची, बीपीची गोळी डॉक्टरला न विचारता बंद करू नका. चार शुभवर्तमानांपैकी एक लिहिणारा लूक हा वैद्य होता, असं मंडळी फार जुन्या काळापासून मानत आली आहे. विश्वास आणि औषध यांचं भांडण नाही.

आता पेणचा खास प्रश्न. पेण म्हणजे गणपती. शहरात, हमरापूर-जोह्यात घरोघरी कारखाने. मूर्ती देशभर जातात, परदेशात जातात. हंगामात बायकांना काम मिळतं, मूर्ती घासणं, रंगवणं, शेल्यावर-मुकुटावर खडे चिकटवणं. रोजचा पैसा हातात येतो. मग ख्रिस्ती बाईनं हे काम करावं का? काहीजणी म्हणतात, आम्ही पूजा करत नाही, हाताची कला विकतो, त्यात काय? काहीजणी म्हणतात, मनाला पटत नाही, आम्ही नाही करणार. दोन्ही बाजूंना प्रामाणिक बायका आहेत.

हा प्रश्न आजचा वाटतो, पण पहिल्या शतकातल्या करिंथ शहरातल्या मंडळीपुढे असाच एक प्रश्न होता. बाजारात मिळणारं मांस बऱ्याचदा देवळात वाहिलेलं असायचं. ते घ्यावं की नाही, यावरून मंडळीत दोन तट पडले. पौलानं त्यांना पत्र लिहिलं. त्यातला विचार आमच्या शब्दांत सांगायचा तर असा: बाजारातून घेताना फार चौकशा करत बसू नका. शेजाऱ्यानं जेवायला बोलावलं आणि जावंसं वाटलं, तर जा आणि ताटातलं खा. पण तुमच्या मोकळेपणामुळे कुणा हळव्या मनाच्या माणसाला ठेच लागत असेल, तर त्याच्यासाठी थांबा. म्हणजे निव्वळ "चालतं" किंवा "चालत नाही" असा निकाल त्यानं दिला नाही. "माझ्या वागण्यानं दुसऱ्याचं काय होतं?" हा प्रश्न त्यानं मधोमध ठेवला.

आमच्या बायकांनी बसून यावर बोलून घेतलं, आणि दोन गोष्टी ठरल्या. काम करणारीला मंडळीत कुणी कमी लेखायचं नाही, कारण तिच्या घरी त्या पैशावर मुलाची फी भरली जाते. आणि न करणारीला कुणी "फार सोवळी" म्हणून हिणवायचं नाही. गटानं तिला पापडाचं, पोह्याच्या मिरगुंडांचं काम आधी द्यायचं. ज्या मूर्तीसमोर आपली शेजारीण हात जोडते तिच्याबद्दल वेडंवाकडं बोलायचं नाही, हे तर सांगायलाच नको. आपल्या श्रद्धेचा मान राहावा असं वाटतं ना? मग दुसरीच्या श्रद्धेचा मान आपल्या तोंडून सुरू होतो.

आता हळदीकुंकू, मंगळसूत्र, टिकली. इथे आम्हाला टिळकांच्या घराची आठवण होते. कवी नारायण वामन टिळक कोकणातल्या करजगावचे. १८९५ च्या फेब्रुवारीत मुंबईला त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पत्नी लक्ष्मीबाई त्यांच्याबरोबर गेल्या नाहीत. संसार मोडला, माहेर-सासर दुभंगलं. पुढे त्या नवऱ्याकडे परत आल्या, तरी लगेच ख्रिस्ती झाल्या नाहीत. शिवाशीव, जातपात, सोवळं-ओवळं या सगळ्याशी त्या आतल्या आत झगडल्या आणि सुमारे पाच वर्षांनी, मनाला पटलं तेव्हाच, त्यांनी बाप्तिस्मा घेतला. नवरा झाला म्हणून बायको झाली, असं त्यांनी केलं नाही. शाळेत न गेलेल्या या बाईनं पुढे "स्मृतिचित्रे" लिहिलं. १९३४ ते १९३६ या काळात ते छापून आलं, आणि आजही मराठीतलं अव्वल आत्मचरित्र म्हणून वाचलं जातं. आपल्या वाचनालयात असेल तर प्रत्येकीनं वाचा, कुठल्याही धर्माच्या असा.

टिळकांचं म्हणणं होतं, की ख्रिस्ताच्या मागे जायला इंग्रज व्हावं लागत नाही. त्यांनी ओवी-अभंगांत ख्रिस्ताची गाणी लिहिली, भजन-कीर्तनाची चाल मंडळीत आणली. १९१७ मध्ये मिशनचा पगार सोडून त्यांनी "देवाचा दरबार" सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोघेही ख्रिस्ताचे शिष्य म्हणून त्यात येऊ शकत होते. त्यावर मतभेद झाले, आजही होतील. पण एक गोष्ट त्यांनी आम्हाला शिकवली. कपडा, दागिना, गाण्याची चाल, फराळ हे सगळं घर आहे, आणि घर आपलं मराठीच असतं. म्हणून नाताळाला आमच्याकडे केकाबरोबर करंज्या, चकल्या, शंकरपाळे होतात. डिसेंबरात शेजारच्या शेतात वालाच्या शेंगांची पोपटी लागली की आमची पोरंही तिथेच असतात. मंगळसूत्र आमच्यातल्या अनेकजणी घालतात. हळदीकुंकवाला बोलावलं तर वाण आनंदानं घेतो. कुंकू लावायचं की नाही हे जिचं तिनं ठरवायचं. मात्र एका बाबतीत आमचं सगळ्यांचं एकमत आहे. विधवा बाईला बाजूला बसवणारं हळदीकुंकू असेल, तर तिला शेजारी घेऊन बसायचं. हे आता अनेक गावांत हिंदू भगिनीही करू लागल्या आहेत. चांगल्या गोष्टीला धर्माचा शिक्का लागत नाही.

संस्कृती बदलताना काय टिकतं आणि काय जातं, हे पाहायचं असेल तर फार लांब जायला नको. आपली कुंडलिका रोह्यावरून वाहत जाते आणि रेवदंडा-कोर्लईच्या मधून समुद्राला मिळते. त्या कोर्लईत एक ख्रिस्ती वस्ती आहे. १७४० साली पोर्तुगीजांची सत्ता गेली, चौल आणि कोर्लई मराठ्यांकडे आली, पण तिथली ख्रिस्ती कुटुंबं राहिली. त्यांच्या घरात आजही एक वेगळी भाषा बोलतात. ते तिला "नौ लिंग" म्हणतात, म्हणजे "आमची भाषा". शब्द पोर्तुगीज मुळाचे, पण वाक्याची ठेवण मराठीसारखी, क्रियापद शेवटी. ती बोलणारी माणसं जेमतेम हजाराच्या आसपास. मुलं मराठी शाळेत जातात, पुढे नोकरीला मुंबईला जातात, आणि घरातली भाषा पातळ होत जाते. कधीकाळी जगभरच्या कॅथलिक देवळांत मिस्सा लॅटिनमध्ये व्हायची. १९६२ ते १९६५ या काळात रोमला जी मोठी धर्मपरिषद भरली, तिच्यानंतर लोकांच्या भाषेत प्रार्थना करायची वाट मोकळी झाली. बायकांना समजेल अशा भाषेत देवाचं नाव आलं, हा केवढा बदल. पण नव्या भाषेतून प्रार्थना कळली म्हणून आजीची भाषा टाकून द्यायची का? कोर्लईची माणसं दोन्ही सांभाळायचा प्रयत्न करतात. आम्हाला वाटतं, शिष्यानं असंच असावं. समजेल ते घ्यावं, आणि जे घरातून मिळालं त्याची लाज वाटू देऊ नये.

भाषेचा विषय निघाला की पंडिता रमाबाईंचं नाव घ्यावंच लागतं. १८८९ मध्ये त्यांनी मुंबईत विधवांसाठी शारदासदन काढलं, पुढे ते पुण्याला आणि मग केडगावला नेलं. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून उपाशी मुली आणून त्यांनी मुक्तिसदनात ठेवल्या. त्या मुली तिथे शेती, विणकाम, छपाई शिकल्या. बायबलचं मराठी भाषांतर साध्या बायकांना कळत नाही, हे पाहून रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि नव्यानं भाषांतराला बसल्या. १९२२ मध्ये त्या वारल्या, तोवर ते काम पुरं करत आणलं होतं. छापखान्यात खिळे जुळवणाऱ्या हातांत मुक्तीच्या मुलींचे हात होते. आमच्या काळात वसईच्या फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी "सुबोध बायबल" लिहिलं. जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. ख्रिस्ती माणूस मराठीत पाहुणा नाही, हे यातून दिसतं.

रमाबाईंनी दोन गोष्टी एकत्र ठेवल्या, प्रार्थना आणि पोटाचं काम. बाईच्या हातात कसब आणि हिशेब आल्याशिवाय तिची सुटका होत नाही, हे त्यांना ठाऊक होतं. म्हणून आता सगळ्यात नाजूक विषयाकडे येतो, जमिनीकडे आणि हक्काकडे.

मैत्रिणींनो, अटल सेतू झाला, विमानतळ आला, आणि आपल्या भागात जमिनीचे भाव कुठच्या कुठे गेले. जिथे गुंठ्याला कुणी विचारत नव्हतं, तिथे दलाल फेऱ्या मारतात. आणि त्याबरोबर एक कागद घरोघरी फिरू लागला, हक्कसोडपत्र. सासरी गेलेल्या मुलीला माहेरी बोलावतात, साडी नेसवतात, जेवू घालतात आणि म्हणतात, "इथे सही कर, भावाशी कशाला वाईटपणा?" हे सगळ्या जातीधर्मांत चालतं. दुःख असं की ख्रिस्ती घरांतही चालतं.

कायदा काय म्हणतो ते ऐका. ख्रिस्ती माणूस मृत्युपत्र न करता वारला, तर १९२५ चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागतो. मागे विधवा आणि मुलं असतील, तर एक तृतीयांश विधवेला आणि उरलेलं दोन तृतीयांश मुलांना. आणि मुलगा-मुलगी असा भेद त्यात नाही, वाटा सारखाच. मुलीचं लग्न झालं म्हणून तो जात नाही. हिंदू भगिनींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतका वाटा २००५ च्या दुरुस्तीनं मिळाला. म्हणजे कागदावर दोघींचीही बाजू भक्कम आहे. दुबळी आहे ती माजघरातली हिंमत. घटस्फोटाचंही तसंच होतं. १८६९ च्या कायद्यात ख्रिस्ती नवऱ्याला एक कारण पुरे व्हायचं, बायकोला मात्र त्यावर आणखी जुलूम सिद्ध करावा लागायचा. २००१ मध्ये तो भेद काढला. कायदा बदलला, पण आमच्या मंडळ्यांतल्या किती बायकांना हे कुणी सांगितलं?

इथे शिष्यत्वाची खरी परीक्षा लागते. रविवारी "देवापुढे सगळे सारखे" असं गाऊन सोमवारी बहिणीची सही घ्यायची, हे कसं जमवायचं? येशूनं विधवांची घरं गिळून वर लांबलचक प्रार्थना करणाऱ्यांना खडसावलं आहे. ते वाचताना आपण नेहमी दुसऱ्या कुणाकडे बोट दाखवतो. आम्ही असं म्हणत नाही, की बहिणीनं कधीच वाटा सोडू नये. भाऊ अडचणीत असेल, आईवडिलांना तोच सांभाळत असेल, आणि तिला मनापासून द्यायचं असेल, तर जरूर द्यावं. पण दान तेच, जे माहिती असताना, न घाबरता दिलं जातं. घाबरवून घेतलेल्या सहीला दान म्हणत नाहीत. म्हणून आमची पाळकांना, फादरांना आणि वडीलजनांना विनंती आहे. लग्न लावता, बाप्तिस्मा देता, मयताला येता, तसंच वाटणीच्या वेळीही घरात येऊन एकदा विचारा, "मुलीला काय हवंय?" आणि बायकांना आमचं सांगणं आहे, कागद वाचल्याशिवाय सही नको. वाचता येत नसेल तर गटात आणा, तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते, तिथे मोफत सल्ला मिळतो.

पैशाची आणखी एक बाजू म्हणजे लग्न. आम्हाला गटात कर्जाचे अर्ज येतात, त्यात लग्नाचे अर्ज फार. हुंडा म्हणत नाहीत आता, "मुलीला द्यायचं ते द्या" म्हणतात. हॉल, डीजे, शूटिंग, साखरपुड्याला वेगळा केक. ख्रिस्ती लग्नाला खरं तर लागतं काय? दोघांचं वचन, साक्षीदार, मंडळी आणि नोंद. बाकी सगळं हौसेचं. हौस करा, पण पुढची तीन वर्षं हप्ता कोण भरणार, हेही त्याच बैठकीत बोला. शुभवर्तमानात एक गरीब विधवा दानपेटीत दोन दमड्या टाकते, आणि येशू म्हणतो की सगळ्यांत जास्त हिनंच दिलं. त्या गोष्टीत रक्कम मोजलेली नाही, मन मोजलं आहे. आमची लग्नं आणि आमच्या दानपेट्या त्याच मापानं मोजल्या गेल्या, तर अर्धी कर्जं लागणारच नाहीत.

आता तरुण मुलामुलींबद्दल. मुलं शिकायला पनवेल-मुंबईला जातात, तिथून पुण्याला, काहीजण आखातात. परत येतात तेव्हा त्यांचे प्रश्न वेगळे असतात. विज्ञान शिकलो, मग उत्पत्तीची गोष्ट कशी मानू? दुसऱ्या धर्मातल्या मुलाशी लग्न केलं तर मंडळी बाहेर काढील का? चर्चच्या पंचांत बायका इतक्या कमी का? आपल्यातही जात का विचारतात? या प्रश्नांना "प्रार्थना कर" एवढंच उत्तर दिलं, की मुलं पुढच्या वेळी विचारत नाहीत, आणि त्यानंतर येतही नाहीत. थोमा नावाच्या शिष्यानं शंका घेतली होती. येशूनं त्याला हाकललं नाही, हात पुढे केला. प्रश्न विचारणारं मूल विश्वास सोडून चाललंय असं समजू नका. ते अजून शिकतंय, आणि शिकणारा म्हणजेच शिष्य. शेवटच्या दोन प्रश्नांना तर आम्हा मोठ्यांकडेही चांगलं उत्तर नाही. तिथे उत्तर देण्यापेक्षा वागणं बदलावं लागेल. पंचांत बायका घ्याव्या लागतील, आणि सोयरीक ठरवताना जातीची चौकशी बंद करावी लागेल.

आणि शेजाऱ्यांचं काय? पेण तालुक्यातलं गागोदे हे विनोबांचं गाव. ज्या १८९५ साली टिळकांनी बाप्तिस्मा घेतला, त्याच वर्षी सप्टेंबरात विनोबा तिथे जन्मले. विनोबांनी आपला धर्म सोडला नाही, पण नवा करार इतक्या आस्थेनं वाचला की त्यातून "ख्रिस्तधर्म-सार" काढलं. कुराणाचंही सार त्यांनी काढलं. दुसऱ्याचं पुस्तक वाचलं म्हणून त्यांचं काही कमी झालं नाही. आमच्या मुलांनीही गीताई वाचावी, तुकोबा वाचावा. ज्याला आपलं कशावर उभं आहे हे ठाऊक आहे, त्याला शेजाऱ्याच्या अंगणात भीती वाटत नाही.

जाता जाता गटाच्या भाषेतच सांगतो. बचत गटाची पंचसूत्री सगळ्यांना पाठ आहे: नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्जव्यवहार, नियमित परतफेड, आणि दप्तर चोख. ख्रिस्ती भगिनींनो, मंडळीतही आपल्याला हेच करायचं आहे. दिवस कुठलाही असो, एकत्र बसायचं. थोडं का होईना, बाजूला काढायचं. दुसरीच्या अडचणीला उभं राहायचं. घेतलेलं परत करायचं, पैसाही आणि चांगुलपणाही. आणि हिशेब असा ठेवायचा की कुणीही उघडून बघावा.

या महिन्यात एवढं करा. घरातल्या सात-बाऱ्याचा उतारा काढून आणा आणि त्यावर कुणाकुणाची नावं आहेत ते मोठ्यानं वाचा. लेकीला शेजारी बसवून वाचा. शेजारणींनो, हे तुम्हीही करा. वाचताना काही अडलं, तर गटाच्या पुढच्या बैठकीला कागद घेऊन या. आम्ही तिथे असूच.

सलाम.